तगरनगरीची मातीची माणसे

नाताळ आठवड्यावर आला की आमच्या घरी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरते. जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेली मरियामाता, योसेफ, मेंढपाळ, तीन मागी राजे, बैल आणि गाढव एकेक करून बाहेर येतात आणि गोठ्यात आपापल्या जागी बसतात. त्यांत एक मेंढरू आहे. त्याचा उजवा कान कधीचाच तुटला आहे. गेल्या नाताळात घरातल्या धाकट्या मुलीने ते हातात घेऊन विचारले, "हे कोणी केलं?" आम्ही सांगू लागलो, अमक्या साली, अमक्या दुकानातून, इतक्या रुपयांना घेतले. ती म्हणाली, "विकत कोणी घेतलं ते नाही विचारलं. केलं कोणी?" आम्हांला उत्तर देता आले नाही. किंमत आठवत होती, दुकान आठवत होते, करणाऱ्याचा मात्र आम्ही कधी विचारच केला नव्हता.

त्या प्रश्नाने आम्हांला धाराशिव जिल्ह्यातल्या तेर या गावाची आठवण झाली. मातीच्या लहान आकृती कोण घडवतो, कोण विकत घेतो आणि कोण जपतो, या तिन्ही प्रश्नांचा इतिहास महाराष्ट्रात कोठे एकत्र वाचायचा असेल तर तो तेरला.

तेरणेकाठची पेठ

धाराशिवच्या ईशान्येस, ढोकीजवळ, तेरणा नदीच्या काठी तेर वसले आहे. आज ते एक मोठे खेडे आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ते 'तगर' या नावाने समुद्रापलीकडे ठाऊक होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरप्रवासाच्या पुस्तकात दख्खनच्या दोन बाजारपेठांचा ठळक उल्लेख येतो. पहिली पैठण, ती भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरी तगर, ती पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर. तगरहून जाडेभरडे कापड आणि नाना प्रकारची मलमल गाड्यांवर लादून अवघड वाटांनी भडोचला जाई आणि तेथून जहाजांत चढे. भूगोलकार टॉलेमीलाही हे नगर माहीत होते. पुढे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत राहिले. राज्य कोकणात असो वा कोल्हापुरात, कुळाचा अभिमान तगरचा होता.

हे तगर म्हणजे नेमके कोणते गाव, यावर एकोणिसाव्या शतकात बराच खल झाला. १९०१ साली फ्लीट या संशोधकाने ते तेरच असल्याचे सप्रमाण मांडले आणि त्याच सुमारास पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी गाव पाहून तेथील जुन्या विटांच्या मंदिरांचे वर्णन केले. त्रिविक्रमाचे मंदिर हे मुळात बौद्ध चैत्यगृह होते, हे त्याच्या गजपृष्ठाकार बांधणीवरून आजही ओळखू येते. तेव्हा हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सप्टेंबर १९४८ मध्ये ते संस्थान भारतात विलीन झाले, १९६० साली जिल्हा महाराष्ट्रात आला आणि २०२३ साली उस्मानाबादचे नाव धाराशिव झाले. राज्ये बदलली, नावे बदलली; तेरच्या पांढरीच्या टेकाडांतून मात्र पावसाळ्यामागून पावसाळा मातीची माणसे वर येत राहिली.

तीन पदार्थ, तीन गिऱ्हाइके

आपल्या खेड्यांत शेताच्या जमिनीला 'काळी' म्हणतात आणि वस्तीच्या जमिनीला 'पांढरी'. शेकडो वर्षे घरे पडतात, चुलींची राख साचते, भिंती विरघळतात आणि जमीन पांढुरकी होते. तेरला अशी टेकाडे गावाभोवती आहेत. त्यांतून सातवाहन काळातील, म्हणजे सुमारे दोन हजार ते सतराशे वर्षांपूर्वीच्या वस्तूंचा अक्षरशः सडा निघाला: मणी, शंखाच्या बांगड्या, दिवे, नाणी आणि वीतभरही उंच नसलेल्या असंख्य आकृती.

या आकृती पाहताना आम्हांला प्रथम जाणवला तो त्यांचा पदार्थ. काही हस्तिदंताच्या आहेत, पण अगदी मोजक्या. काही केओलिन नावाच्या पांढऱ्या, तलम मातीच्या आहेत. त्यांवर कधी तांबडा लेप दिलेला आढळतो. उरलेल्या साध्या, भाजून लाल झालेल्या मातीच्या. ज्या गावात एकाच काळात एकच विषय तीन पदार्थांत घडतो, त्या गावात गिऱ्हाइकेही किमान तीन प्रकारची असली पाहिजेत. हस्तिदंत मागणारा श्रेष्ठी, पांढऱ्या मातीची नाजूक बाहुली घेणारा सुखवस्तू गृहस्थ, आणि लाल मातीचा घोडा लेकराच्या हातात देणारा सामान्य माणूस. बाजाराची ही उतरंड कोणत्याही ग्रंथाने सांगितलेली नाही. ती वस्तूंनीच सांगितली आहे.

विषयही पाहण्यासारखे आहेत. डोईवर फुलांचा आणि अलंकारांचा भार वाहणाऱ्या स्त्रिया, कानांत जड कुंडले, गळ्यात हार. घोडे, हत्ती आणि त्यांवरचे स्वार. मस्तक नसलेली, अपत्यदानाची देवता मानली जाणारी लज्जागौरी. म्हणजे त्याच कारागिराकडे कोणी खेळणे घ्यायला येई, कोणी घराच्या कोनाड्यात ठेवायला शोभेची वस्तू, तर कोणी नवसाची मूर्ती. आज देवाचे दुकान वेगळे आणि खेळण्यांचे वेगळे, अशी आपली सवय. तगरच्या भट्टीत हे सारे एकाच वेळी भाजले जात होते.

साच्याची किमया

केओलिनच्या आकृती घडविण्याची रीत समजून घेतली म्हणजे त्यांचा बाजारही समजतो. कारागीर प्रथम एक नमुना घडवी. त्याच्या पुढच्या आणि मागच्या अंगाचे दोन स्वतंत्र साचे काढी. प्रत्येक साच्यात मळलेल्या मातीचा पातळ थर बोटांनी दाबून बसवला की आकृतीचे दोन अर्धे भाग तयार. मग पातळ कालवलेल्या मातीने ते एकमेकांस चिकटवायचे, शिवणीवरून ओले बोट फिरवायचे आणि आतल्या हवेला वाट राहील असे पाहायचे. ही वाट नसेल तर भट्टीत आकृती तडकून फुटते. आतून पोकळ असल्याने माती कमी लागे, वजन हलके होई आणि वस्तू दूरवर नेणे सोपे जाई.

हाताने घडवलेली प्रत्येक बाहुली वेगळी असते. साच्यातली शंभरावी बाहुली पहिलीचीच बहीण असते. म्हणूनच तेर, पैठण, भोकरदन, नेवासे, कोल्हापूर आणि आजच्या तेलंगणातील कोंडापूर या परस्परांपासून दूर असलेल्या गावी एकाच घराण्यातील वाटाव्यात अशा आकृती सापडतात. दुहेरी साच्याची ही पद्धत रोमन जगाच्या संपर्कातून येथे रुळली, असे अनेक अभ्यासक मानतात. पण चेहरे, केशरचना आणि दागिने पूर्णपणे आपल्याकडचे. तंत्र परदेशी आणि मुद्रा स्वदेशी, हा दख्खनच्या कारागिराचा स्वभाव तेव्हापासूनचा आहे.

आणखी एक छोटी वस्तू गिऱ्हाइकाचे मन उघड करते. रोमन सम्राट टायबेरियसच्या नाण्यावरून छाप घेतलेली मातीची पदके तेर आणि इतर सातवाहनकालीन स्थळी मिळतात. ती दोऱ्यात ओवून गळ्यात घालता येत. खरे रोमन नाणे सर्वांच्या आवाक्यात कोठून असणार? मग मातीचे नाणे गळ्यात घालून हौस भागवायची. परदेशी वस्तूची नक्कल मिरवण्याची आवड काही आजची नाही.

नेपल्समधील लेकीबाळी

१९३८ साली इटलीतील पाँपेई येथे उत्खननात हस्तिदंताची एक भारतीय स्त्री-आकृती मिळाली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात ते शहर गाडले गेले, म्हणजे ही आकृती त्यापूर्वीच समुद्र ओलांडून गेली होती. तिच्या डोक्याशी वरून पाडलेले भोक आहे. त्यामुळे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या लहान चौरंगाचा पाय असावी, असा तर्क केला जातो. तिच्याशी नाते सांगणारी हस्तिदंती स्त्री तेरला मिळाली आणि तशीच एक जालना जिल्ह्यातील भोकरदनलाही. त्यामुळे पाँपेईची ही सुंदरी दख्खनच्याच एखाद्या नगरात घडली असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

आज ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तेथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर सान ग्रेगोरिओ आर्मेनो नावाची अरुंद गल्ली आहे. ख्रिस्तजन्माच्या देखाव्यातील आकृती घडवणारे आणि विकणारे कारागीर तिथे दोन्ही बाजूंना बसतात. अठराव्या शतकात नेपल्सच्या श्रीमंतांत या आकृतींची अशी हौस पसरली की भाजल्या मातीचे मस्तक, तारेवर ताग गुंडाळून केलेले अंग, लाकडी हातपाय आणि अंगावर खरे रेशीम, अशा बाहुल्यांवर राजघराणेही द्रव्य खर्च करू लागले.

रोमन लोकांचीही अशी एक रीत होती. १७ डिसेंबरला सुरू होणाऱ्या त्यांच्या सॅटर्नेलिया उत्सवाच्या अखेरीस 'सिगिल्लारिया' नावाचा बाजार भरे. त्यात मातीच्या लहान आकृती विकत घेऊन आप्तेष्टांना भेट देत. कवी मार्शल याने अशा भेटवस्तूंवर द्विपदी रचल्या. त्यांतली एक मातीच्या कुबड्या माणसावर आहे. तगरचे साचे आणि मार्शलच्या द्विपदी साधारण एकाच युगातल्या. यावरून आपल्या गोठ्याचा उगम रोमन बाजारात शोधण्याचा मोह मात्र टाळावा. संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो येथे ख्रिस्तजन्माचा जो सोहळा मांडला त्यात मातीच्या आकृती नव्हत्या. खरा गोठा, खरा बैल आणि खरे गाढव होते. मातीची माणसे त्यात पुढे आली. पण एवढे खरे की वर्षाच्या अखेरीस, रात्र मोठी झालेली असताना, हातात मावणारी एक आकृती घरी आणावी ही इच्छा फार जुनी आहे.

जपणारा माणूस

आता तिसरा प्रश्न: हे जपले कोणी? तेरमध्ये त्याचे उत्तर एका नावाने देता येते, रामलिंगप्पा लामतुरे. गावाच्या टेकाडांवरून पावसाने उघडे पडलेले, घरासाठी पांढरी माती खणताना कुदळीला लागलेले, गुराख्यांच्या हाती आलेले जे जे काही मिळेल ते या गृहस्थाने वर्षानुवर्षे गोळा केले. ज्या काळी गावकऱ्यांच्या दृष्टीने तुटकी बाहुली म्हणजे खापर होते, त्या काळी त्यांनी खापरालाच किंमत दिली. १९६० साली डग्लस बॅरेट या ब्रिटिश कलाभ्यासकाने तेरवर छोटेखानी पुस्तक लिहिले, आणि एका खेड्यातल्या घरातला संग्रह जगाच्या नजरेस आला. पुढे तो शासनाकडे आला आणि त्यातून लामतुरे यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तेरलाच उभे राहिले. वीस हजारांहून अधिक वस्तूंचा हा ठेवा मुंबईला किंवा लंडनला न जाता आपल्या मातीतच राहिला, हे आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. पुण्यात दिनकर केळकर यांनी आपल्या बालवयात गेलेल्या राजाच्या नावाने संग्रहालय उभारले, त्याच जातीचे हे वेड. फरक इतकाच की केळकर महाराष्ट्र आणि देशभर हिंडले, लामतुरे यांना गावची टेकाडेच पुरली.

परंतु इतिहासाने भक्तिभावाबरोबर हिशेबही मांडला पाहिजे. टेकाडावरून वेचलेली वस्तू सुंदर असते, पण तिचा पत्ता हरवलेला असतो. ती कोणत्या थरात होती, शेजारी कोणते नाणे होते, घर होते की भट्टी, हे एकदा हातातून गेले की परत मिळत नाही. १९५८ साली चापेकरांनी तेरला शास्त्रशुद्ध उत्खनन केले. त्यातून निघालेल्या एखाद्या साध्या खापरालाही आपल्या थराची साक्ष आहे. संग्रहातल्या रेखीव बाहुलीला ती नाही. मग लामतुरे यांचे चुकले काय? आम्हांस तसे वाटत नाही. ती टेकाडे उत्खननाची वाट पाहत सुरक्षित उभी नव्हती. पाऊस, नांगर आणि कुदळ रोज काम करीत होतीच. पत्ता हरवलेली वस्तू आणि हरवलेली वस्तू यांत निवड करायची होती. त्यांनी पहिली निवडली.

गिऱ्हाइकाची हौस किती घात करू शकते हे ग्रीस देशातल्या तानाग्रा गावाने पाहिले आहे. तगर आणि तानाग्रा ही नावे कानाला जवळची, तो योगायोग. १८७० नंतर तेथील प्राचीन थडग्यांतून रंगीत वस्त्रे ल्यालेल्या स्त्रियांच्या नाजूक मातीच्या आकृती निघू लागल्या. पॅरिस आणि बर्लिनच्या श्रीमंत घरांत त्या दिवाणखान्याची शोभा ठरल्या. मागणी वाढली तशी हजारो थडगी लुटली गेली आणि थडगी पुरेनाशी झाल्यावर कारखान्यांतून बनावट आकृती निघू लागल्या. पुढे मोठमोठ्या संग्रहालयांनाही आपल्या काही आकृती खोट्या असल्याचे कळून आले.

आपल्याकडे या लुटीला आळा घालण्यासाठी १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. तो १९७६ पासून अमलात आला. शंभर वर्षांहून जुन्या भाजल्या मातीच्या मूर्तीची नोंदणी करावी लागते आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देण्याचा कायदा तर १८७८ पासून आहे. शेतात नांगराला बाहुली लागली तर ती खिशात न घालता कळवणे, हे आज प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

एक नाव आणि हजार बाहुल्या

तेरच्या नदीकाठी संत गोरा कुंभार यांची समाधी आहे. गावकरी त्यांना आपुलकीने गोरोबाकाका म्हणतात. तेराव्या-चौदाव्या शतकातले हे संत. भजनात देहभान हरपून माती तुडवताना स्वतःचे लेकरू पायाखाली आले ती हृदय पिळवटणारी कथा महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? दुसरी कथा कुंभाराच्या हत्याराची. संतमेळ्यात मुक्ताबाईने विचारले, यांतली कोणती मडकी भाजली आणि कोणती कच्ची? काकांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकून पाहिले. सगळे मुकाट बसले. नामदेव मात्र रागावले, आणि कच्चे ठरले. मडके पारखण्याची कुंभाराची रीत माणसाला लावली आणि अध्यात्माचा एक मोठा धडा तयार झाला. यिर्मया संदेष्ट्याला परमेश्वराने कुंभाराच्या घरी पाठवले होते, त्याची येथे आठवण झाल्याशिवाय राहत नाही. धर्म कोणताही असो, घडवणाऱ्या हातांकडे पाहिले की घडवणारा आठवतो.

तेरमध्ये उभे राहिले असता आमच्या मनात एक विरोधाभास आला, तो येथे नोंदवतो. या गावात एका कुंभाराचे नाव सातशे वर्षे घराघरांत आहे, पण त्याच्या हातचे एकही मडके आपल्यापाशी नाही. आणि याच गावात कुंभारांच्या हातच्या हजारो आकृती आहेत, पण त्यांतल्या एकाही कर्त्याचे नाव नाही. एका केओलिनच्या बाहुलीच्या आतल्या पोकळीकडे पाहताना, साच्यात माती दाबणाऱ्या बोटांचा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. त्या माणसाने आपले सर्वस्व त्या वस्तूला दिले, एक नाव तेवढे दिले नाही. आणि ते त्याला कोणी विचारलेही नसावे.

बलुते, रोकड आणि दुकान

आपल्या खेड्यांत मात्र कर्त्याचे नाव न विचारताच ठाऊक असे. कुंभार गावचा बलुतेदार. वर्षभर मडकी, रांजण, पणत्या त्याने पुरवायच्या आणि सुगीत खळ्यावर धान्याचा वाटा न्यायचा. पोळ्याला ज्याच्या दावणीला बैल नाही त्याच्या घरीही मातीची बैलजोडी पूजेला लागते. ती त्याच्याच घरून येई. त्या बैलाचे शिंग तुटले तर तक्रार कोणाकडे करायची, हे लेकरांनाही माहीत होते. बलुत्याच्या पद्धतीत अन्याय पुष्कळ होता, जातीच्या उतरंडीने कारागिराला खालीच ठेवले होते, हे विसरून चालणार नाही. पण वस्तू आणि तिचा कर्ता यांची ताटातूट झाली नव्हती.

ताटातूट न होऊ देता कारागिराला मानही देता येतो, याचे एक उदाहरण फ्रान्समधल्या प्रोव्हान्स प्रांतात आहे. राज्यक्रांतीच्या धामधुमीत तेथील चर्चेस बंद पडली, चर्चमधले गोठे मांडणे थांबले. तेव्हा लोकांनी घराघरांत लहान गोठे मांडायला सुरुवात केली. मार्सेयच्या झाँ-लुई लान्येल या कारागिराने प्लास्टरचे साचे करून हातभर नव्हे, बोटभर उंचीच्या मातीच्या आकृती घडवल्या आणि गरिबालाही गोठा परवडू लागला. त्यांना 'सांतों' म्हणजे छोटे संत म्हणतात. त्यांत केवळ मरिया आणि योसेफ नाहीत. गिरणीवाला, कोळीण, पाणक्या, शेतकरी असे सारे गाव बाळ येशूच्या भेटीला निघालेले असते. १८०३ पासून मार्सेयला या आकृतींचा बाजार भरतो. कुटुंबे तेथे येऊन आपल्या आवडीच्या कारागिराकडून दरसाल एखाददुसरी आकृती घेतात, आणि गोठा पिढ्यान्‌पिढ्या वाढत जातो. साचा तोच, माती तीच, पण लान्येलचे नाव राहिले, कारण घेणाऱ्यांनी ते विचारले.

आणि आपण? आपल्या घरचे गोठे आता बहुतेक एकगठ्ठा येतात, खोक्यात बंद, प्लास्टिकचे किंवा प्लास्टरचे. त्यांना नावे ठेवण्याचा आम्हांस अधिकार नाही. आमचे कानतुटके मेंढरूही त्यांतलेच. शिवाय साच्यातली स्वस्त वस्तू हलकी असते असे तेरचा इतिहास म्हणत नाही. तगरच्या बाहुल्याही साच्यातल्याच होत्या आणि बहुधा स्वस्तच होत्या. आज त्या काचेच्या कपाटात आहेत. वस्तूचे मोल पदार्थाने ठरत नाही, जपणाऱ्याने ठरते. राहून जाते ते एकच, करणाऱ्याचे नाव.

या नाताळात आम्ही एक लहानसा नेम केला आहे. गोठ्यासाठी एकच नवी आकृती घ्यायची, ती जवळच्या कुंभाराकडे जाऊन, हातात घेऊन, आणि घरी आल्यावर तिच्या तळाशी पेन्सिलीने तीन गोष्टी लिहायच्या: साल, गाव आणि करणाऱ्याचे नाव. पोळ्याचे बैल घडवणाऱ्या हातांना गोठ्यातला बैल घडवणे अवघड नाही. कुंभाराने मागितलेली किंमत आम्ही देऊच. पण नाव विचारल्यावर तो क्षणभर आमच्याकडे पाहील, तो क्षण आम्हांस अधिक मोलाचा वाटेल.

कानतुटके मेंढरू मात्र आपल्या जागी, गव्हाणीच्या उजव्या बाजूला, तसेच बसेल. त्याच्या तळाशी धाकटीने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे: "नाव विचारायचं राहिलं."